पितराचा आंबा आणि लवंगेचे तेल

भाषण ऐन रंगात आले असताना समोसे आले की नाही हे पाहायला नरहरी खुर्चीवरून उठला, आणि पुढचे सगळे रामायण त्या उठण्यातून घडले. एरवी सरकारी कचेरीत कुणाच्या उठण्याने काही घडत नाही. (बसण्यानेही घडत नाही, पण तो विषय वेगळा.)

राज्य तेव्हा नवे होते. रायपूरच्या ज्या इमारतीत कालपरवापर्यंत पेशंट कण्हत होते तिथे आता मंत्रालय भरत होते, आणि कण्हण्याचे काम फायलींनी आपल्याकडे घेतले होते. नरहरी उद्यानिकी खात्यात बाबू होता. राज्यातले सगळे पेरू, पपया आणि आंबे त्याच्या टेबलावरून जात, पण कागदावर. खऱ्या फळाची आणि त्याची गाठ पडे ती घरी ताटात, तीही कुमुदने चिरून दिले तर.

घर समता कॉलोनीत होते आणि ते सासऱ्यांचे होते. गुलाबराव रेल्वेत गार्ड. वर्ध्याकडून आले, रायपूरला नोकरी झाली, इथेच घर बांधले. कुमुद एकुलती एक. लग्नानंतर नरहरी 'क्वार्टर मिळेपर्यंत' म्हणून त्या घरात राहायला आला. क्वार्टर काही मिळाले नाही आणि त्याने फारसे मागितलेही नाही. गुलाबराव चारचौघांत जावयाचे कौतुक करत, "आमचे जावई मोठे शांत आहेत. जिथं बसवले तिथं बसतात." लोक हसत. नरहरीही हसे, कारण सासऱ्याच्या घरात हसण्याला पर्याय नसतो.

निवृत्त झाल्यावर गुलाबरावांनी मागच्या अंगणात बैगनफल्ली आंब्याचे कलम लावले होते. झाड वाढले, पसरले. त्याने सावली दिली, पोरांचे पतंग अडकवून ठेवले, सिलताऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की काळी भुकटी पानांवर झेलली. आंबा तेवढा दिला नाही. दरवर्षी मोहोर येई आणि गळून जाई. गुलाबराव खाली पडलेल्या मोहोराकडे पाहून म्हणत, "पुढच्या साली." असे म्हणता म्हणता ते एक दिवस गेले. त्यांचे वर्षश्राद्ध झाले, आणि झाडाच्या मनात काय आले कोण जाणे, त्याच चैत्रात एका फांदीला अर्धा डझन आंबे लागले.

कुमुद झाडाखाली उभी राहून रडली. मग पदराने डोळे पुसून तिने जाहीर केले, "आखजीले पहिला रस बाबाच्या पितराले. त्याच्याआधी या घरात कोणी हा आंबा जिभेले लावायचा नाही. वास पण नाही घ्यायचा."

आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांना आंब्याचा रस द्यायचा आणि मगच घरच्यांनी आंबा खायचा, ही विदर्भातली रीत कुमुदच्या घरी रायपुरातही पाळली जाई. पितर म्हणून एका जित्याजागत्या माणसाला जेवायला बोलवायचे, पाय धुऊन पाटावर बसवायचे. त्याच्या मुखाने गेलेला माणूस जेवतो. गुलाबरावांची पितर म्हणून ही पहिलीच आखजी होती. ज्या आंब्याची वाट पाहण्यात बापाचे म्हातारपण गेले तो एकदा त्याच्या ताटात पडावा, एवढेच कुमुदला हवे होते. एवढ्यासाठी ती काहीही करायला तयार होती.

आणि मग आंधी आली. चैत्र संपायच्या आधीच एका संध्याकाळी असा वारा सुटला की ती नेमकी फांदीच मोडून खाली आली. आंबे भरले होते, पण हिरवे होते. कुमुदने ते ओच्यात गोळा केले आणि पायरीवर बसली.

"आखजीपर्यंत टिकतील का हो?"

"काहून नाही टिकणार?"

"मागच्या साली बाजारातून कच्चे आणून पिकू घातले होते. देठापाशी काळे पडले, आतून पाणी पाणी झालं. हे गेले तं काय करू मी? पुन्हा झाड कधी लागते, लागते का नाही..."

शेजारच्या भाभींनी भिंतीपलीकडून सुचवले की व्यापारी लोक एका औषधात आंबे बुडवून ठेवतात, महिनाभर काही होत नाही. कुमुद एकदम उखडली. "बाबाच्या तोंडात औषध घालू? जिते होते तेव्हा तापाची गोळी घेतली नाही त्यांनी!"

नरहरीला बायकोचा चेहरा पाहवेना. तो म्हणाला, "मी आहे ना."

कुमुदने त्याच्याकडे पाहिले. लग्नाला बरीच वर्षे झालेली बायको अशा वाक्यावर जशी पाहते, तशीच.

दैवाची गंमत अशी, की दुसऱ्याच दिवशी खात्यात भाषण होते. कृषी संशोधन करणाऱ्या डॉक्टर सुनीती मॅडम आल्या होत्या. विषय होता काढणीनंतर फळ टिकवण्याचा. अशा भाषणात नरहरीचे डोळे नियमाने मिटत, पण मॅडमनी टेबलावर दोन आंबे ठेवले आणि ते उघडे राहिले. एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले. एक देठापासून काळा ठिक्कर, चिघळलेला. दुसरा असा, की नुकताच कुणी सोन्याच्या पाण्यातून काढला असावा.

"बुरशी बाहेरून मागाहून येत नाही," मॅडम सांगत होत्या. "ती फळ झाडावर असतानाच सालीवर येऊन बसलेली असते. आंबा कच्चा असेपर्यंत झोपून राहते. तो गोड व्हायला लागला की जागी होते."

नरहरीच्या अंगावर काटा आला. त्याला कचेरीतली काही माणसे आठवली.

मॅडम पुढे म्हणाल्या, की रासायनिक बुरशीनाशके आहेत, पण ती सालीवर उरतात, माणसाच्या पोटात जातात आणि हळूहळू बुरशीही त्यांना सरावते. मग त्यांनी खिशातून एक लवंग काढली आणि सगळ्यांना दाखवली. "झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही. दात नाहीत, चावता येत नाही. मग ते शत्रूशी लढते कशाने? वासाने. लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा, तुळस. आपण ज्याला सुगंध म्हणतो ना, बुरशीच्या दृष्टीने ती तोफ आहे. ही तेलं नुसती फळाजवळ ठेवली, तरी त्यांच्या वाफेने बुरशीची वाढ थांबते."

नरहरी थक्क झाला. आपल्या घरच्या मिसळणाच्या डब्यात एवढा तोफखाना भरला आहे आणि आपण त्याची मसालेभातात वाट लावतो, या विचाराने त्याला भरून आले. चाळीस वर्षे त्याने लवंग खाल्ली होती, पण लवंगेला मनातल्या मनात नमस्कार त्याने त्या दिवशी पहिल्यांदा केला.

नेमके तेव्हाच मोठ्या साहेबांनी त्याला समोसे पाहायला खुणावले. नरहरी उठला, बाहेर गेला, समोसे आले होते पण चटणी आली नव्हती, ती आणवली आणि परतला. तेवढ्या वेळात मॅडमनी सांगितले, की हे तेल थेंबभरच वापरायचे असते, जास्त झाले तर फळाला वास धरतो आणि चव जाते. हे सभागृहात, ज्याला त्याचा उपयोग होता तो सोडून, सगळ्यांनी ऐकले. नरहरी चटणी घेऊन दारात आला तेव्हा मॅडम म्हणत होत्या, "...आणि प्रमाण कमी पडलं तर मात्र बुरशी पुन्हा डोकं वर काढते."

कमी पडू द्यायचे नाही, एवढे नरहरीने मनात पक्के केले.

संध्याकाळी तो सदर बाजारात गेला. स्कूटरी, सायकली, सराफांच्या दुकानांपुढची गर्दी यांतून वाट काढत जडीबुटीच्या दुकानापाशी पोहोचला आणि लवंगेचे तेल मागितले. दुकानदाराने सहानुभूतीने विचारले, "दाँत पिरावत हे का, भैया?"

"नहीं, नहीं. आम के लिए चाहिए."

दुकानदार थांबला. "आमा के घलो दाँत होथे?" आंब्यालाही दात असतात हे तो प्रथमच ऐकत होता.

"बुरशी... फफूंद मारने के लिए. बड़ी शीशी देना. ओवा का, मतलब अजवाइन का तेल भी. और वो गवती चहा..."

"हव, हव," दुकानदार घाईने म्हणाला. वाद घालण्यासारखा हा माणूस नाही, हे त्याने ओळखले होते. त्याने मुकाट्याने बाटल्या बांधून दिल्या.

घरी वाटाघाटी झाल्या. कुमुद सगळे आंबे द्यायला तयार नव्हती. "अर्धे मी माझ्या पद्धतीनं पैऱ्यात ठेवते. माझी आजी ठेवायची. तुमचा भरोसा नाही." पैरा म्हणजे भाताचे तणस. तिने तीन आंबे पैऱ्यात घालून पलंगाखाली सारले. उरलेले नरहरीला मिळाले. ते ठेवायला घट्ट झाकणाचे काहीतरी हवे होते. शेवटी कुमुदनेच गुलाबरावांची ड्यूटीची काळी लोखंडी पेटी काढून दिली. वर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव होते. आत एके काळी झेंडे, कंदील आणि धुक्यात गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके असत.

नरहरीने पेटीच्या कोपऱ्यांत तेलात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले. मग विचार केला, वाफेवर कशाला सोडायचे, थोडे सालीलाही लावावे. लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळे सुकल्यासारखे वाटले, म्हणून पुन्हा भिजवले. कचेरीतून आल्यावर पुन्हा. पुढे पुढे तर तो आंघोळीआधी आंब्यांना तेल लावू लागला. (स्वतःच्या डोक्याला तेल लावायचे तो कधीच विसरला होता. डोक्यावर लावण्याजोगे फारसे उरलेही नव्हते.)

आठवड्याभरात घराला दातांच्या दवाखान्याचा वास येऊ लागला. मंजिरी, त्यांची लेक, शाळेतून तणतणत आली. "पापा, मिस पूछ रही थीं कि तुम्हारे पापा डेंटिस्ट हैं क्या! मेरी कॉपी से भी लौंग की बास आ रही है!"

"शास्त्र आहे बेटा ते."

"तो शास्त्र को बाहर रखो ना!"

त्यानंतर कुमुद स्वयंपाकघरातून पातेले घेऊन बाहेर आली. "दही नाही लागून राहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माझं विरजण गेलं. भाभींकडून आणलं, तेही गेलं. पातेलं तुमच्या पेटीजवळच्या फडताळात राहते ना! दूध जसंच्या तसं. इडलीचं पीठ भिजवलं तं तेही बसलं आहे, मुक्यासारखं."

नरहरी आनंदाने उभाच राहिला. "कुमुद! म्हणजे चालून राहिलं ते! अगं, एक जंतू घरात पाय ठेवून नाही राहिला!"

"जंतूचं काय करू मी? मले दही पाह्यजे!"

पण त्या दिवशी नरहरीला दह्याचे दुःख शिवले नाही. चार लवंगांचा अर्क एका अख्ख्या घराचे आंबणे थांबवू शकतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात मावत नव्हती. आजवर त्याने काहीही थांबवले नव्हते. त्याने सांगून पोस्टमन थांबला नव्हता, बस थांबली नव्हती.

आखजी जवळ आली तेव्हा एका सकाळी कुमुदने पलंगाखालून पैरा ओढला आणि बाजूला सारला. नरहरी जवळ गेला. तीनही आंबे देठापासून काळे पडले होते. एकाला हात लावला तर बोट आत गेले. "आजीचं तं कधी सडत नव्हतं," कुमुद एवढेच म्हणाली.

नरहरीने पेटी आणली. त्याने झाकण उघडले. लवंगेचा असा भपकारा आला की दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. पाणी निवळल्यावर त्यांना आंबे दिसले.

पिवळेधमक. सालीवर ठिपका नाही, सुरकुती नाही. एकाच फांदीचे, एकाच आंधीत पडलेले, आणि हे असे! खिडकीतून उन्हाची तिरीप पेटीत पडली होती आणि त्या काळ्या लोखंडात ते तीन आंबे देवासारखे बसले होते. कुमुदने हात जोडले. ती पेटीला नमस्कार करत होती की पेटीवरच्या नावाला, ते नरहरीला सांगता आले नसते. थोडासा आपल्यालाही असावा असे त्याला वाटले, पण विचारायचा धीर झाला नाही. तो नुसता उभा राहिला. माणसाने आयुष्यात एकदा तरी असे उभे राहावे, असे ते उभे राहणे होते.

मग त्याला शंका आली. वास जरा जास्तच होता. "कुमुद, एक बारीक फोड चाखून पाहू का? नुसती चव..."

"पितराच्या आधी?" कुमुदचा आवाज चढला. "काही वाटते का तुम्हाले? धुतले की जाईल वास."

रीतच ती. जो आंबा सगळ्यात आधी चाखून पाहायला हवा होता, तोच कुणाला चाखता येत नव्हता.

आखजी उजाडली. गावात अक्तीचा, म्हणजे तिथल्या आखजीचा, बाजार भरला होता, रस्तोरस्ती मातीच्या बाहुला-बाहुल्यांची लग्ने लागत होती. कुमुदने पुरण, कुरडया, चिंचवणी, सगळे केले. पितर म्हणून गुलाबरावांचे जुने दोस्त शामराव यांना बोलावले होते. शामराव निवृत्त टीसी. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता. फुकट्या प्रवासी त्यांचे व्याख्यान ऐकण्यापेक्षा दंड भरून मोकळा होई, अशी त्यांची ख्याती होती.

ते फाटकापासूनच सुरू झाले. "काहून रे नरहरी, जाड झाला का तू? कुमे, पोरी, ये. गुलाब असता तं आज... जाऊ दे. अरे, कोणाची दाढ दुखून राहिली इथं? लवंगीचा वास येते."

"धूप आहे," नरहरी घाईघाईने म्हणाला आणि त्यांचे पाय धुऊ लागला.

आत कुमुद आंबे माचवून, म्हणजे चोळून मऊ करून, रस काढत होती. आंबे तिने चार वेळा धुतले होते. पण तेल पाण्याने जाते का? पंधरवडाभर सालीत मुरलेले सगळे तेल, साल पिळता पिळता, पातेल्यात उतरले.

ताट आले. शामरावांची गाडी सुसाट होती. "...तं मी त्या साहेबाले म्हटलं, साहेब, तुम्ही असाल मोठे, पण हा डबा माझा आहे. तं तो साहेब मले म्हणते..." असे म्हणत त्यांनी वाटी उचलली आणि रसाचा मोठा घोट घेतला.

तो साहेब काय म्हणाला, ते आजतागायत कुणाला कळलेले नाही.

शामरावांचे तोंड उघडेच राहिले. डोळे मोठे झाले, मग भरून आले. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण बाहेर आले ते "थ... थ..." एवढेच. लवंगेचे तेल दाढेला लावले की दाढ गप्प होते. इथे अख्खी जीभ, टाळू आणि दोन्ही गाल गप्प झाले होते. पितराने ताटाला नाव ठेवू नये, अर्धे टाकून उठू नये, हेही त्यांना माहीत होते. बिचाऱ्यांनी तोंडापुढे हात जोरजोराने हलवून वारा घेतला.

कुमुदच्या हातातली पळी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

आता इथे गुलाबरावांविषयी एक सांगायला हवे. ते जेवताना एक अक्षर बोलत नसत. जन्मभर गार्डाची नोकरी केलेला माणूस, पानावरही खुणांनीच काम चालवी. हात हलवला की आणखी वाढ. तळवा दाखवला की थांब. कुमुद लहानपणापासून त्या खुणांवर वाढत आली होती. आणि आज ज्या शामरावांची जीभ झोपेतही थांबत नाही असे त्यांच्या घरच्या काकू सांगत, ते बापाच्या पाटावर मुके बसून, डोळ्यांत पाणी आणून, हात हलवत होते.

"बाबा!" कुमुद म्हणाली.

तिने वाटी काठोकाठ भरली.

शामरावांनी वाटीकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. कुमुद पाटापाशी गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या बोलण्याला बांध राहिला नव्हता. "बाबा, लागला हो तुमचा आंबा. तुमच्या झाडाचाच आहे. तुम्ही रोज पाणी घातलं त्याले, मी म्हणत होती राहू द्या, वांझ आहे. चुकलं माझं. गोड आहे ना बाबा?"

नरहरीला राहवेना. हा सगळा आपल्या बाटलीचा प्रताप, आणि बायको रडते आहे. तो पुढे सरकला, "कुमुद, अगं, ते तेल जरा जास्त..."

शामरावांनी त्याच्याकडे न पाहता तळवा दाखवला. थांब. नरहरी जागच्या जागी थांबला, जसा वर्षानुवर्षे थांबत आला होता.

मग शामरावांनी ती वाटी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वाटी खाली ठेवून त्यांनी आपला उजवा हात कुमुदच्या डोक्यावर ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. जीभ लवंगेने बधिर झाली, हे नरहरीला कळत होते. हात कशाने उठला, हे कळत नव्हते. मॅडमच्या भाषणात तेवढे आले नव्हते. (चटणी आणायला गेला तेव्हा आले असेल तर सांगता येत नाही.)

शामराव विडा न खाता, एक शब्द न बोलता, रिक्षात बसून गेले. असे ते समता कॉलोनीतून पहिल्यांदाच गेले.

कुमुदने डोळे पुसले, चेहरा धुतला आणि नरहरीचे पान मांडले. मंजिरीने वाटी नाकाशी नेली आणि "मैं तो नहीं खाऊँगी" म्हणून पळून गेली. कुमुद मात्र समोर बसली. तिचा चेहरा असा उजळला होता की नरहरीला लग्नातली कुमुद आठवली.

"आधी तुम्ही खा," ती म्हणाली. "तुमच्यामुळं वाचले आंबे. माझे सडले."

हे वाक्य ऐकण्यासाठी नरहरीने विष घेतले असते. रस तर घरचाच होता. शिवाय झाडे, वास, वाफ, तोफ या विषयावर एक छोटे भाषण त्याने मनात जुळवून ठेवले होते. ते रसानंतर करावे म्हणून त्याने मोठा घोट घेतला. आधी ओवा लागला, मग लवंग. आंबा कुठेतरी फार मागे, गर्दीत उभ्या राहिलेल्या ओळखीच्या माणसासारखा दिसला आणि नाहीसा झाला. त्याच्यामागोमाग जीभही नाहीशी झाली.

"कसा आहे?" कुमुदने विचारले.

"थ..." नरहरी म्हणाला. डोळ्यांत पाणी आले.

कुमुदने त्याच्याकडे निरखून पाहिले. मग ती सरकून जवळ बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा? अजून आहे का तुम्ही?"

नरहरीला ओरडून सांगायचे होते की अगं मी आहे, मी! पण सांगायला लागणारी वस्तूच तोंडात जागेवर नव्हती.

"बरं झालं थांबले. मघाशी शामकाकांपुढं बोलता नाही आलं," कुमुद सांगू लागली. "बाबा, या माणसानं लय केलं हो. रोज सकाळी उठून पेटीपाशी बसायचे, तापातल्या लेकरापाशी बसावं तसे. मले वाटलं नव्हतं यांच्यानं होईल."

नरहरीची छाती भरून आली. सासऱ्यांच्या जागेवरून आपले कौतुक ऐकण्याचे भाग्य किती जावयांना मिळते?

"तुम्ही लग्नाच्या आधी विचारलं होतं ना मले," कुमुद म्हणाली, "की या पोट्ट्यात तू पाह्यलं तरी काय?"

नरहरी पुढे झुकला. हा प्रश्न त्यालाही फार वर्षांपासून पडला होता.

"अजून शोधूनच राहिली मी, बाबा. पण तुम्ही काळजी नका करू. शोधणं सोडलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होते की हसू, ते नरहरीला कळेना. असले काही आपण ऐकता कामा नये, आपण बाबा नाही, एवढे तरी तिला समजावे म्हणून त्याने दोन्ही हात जोरजोराने हलवले.

"वाढते ना, बाबा," कुमुद म्हणाली, आणि तिने वाटी पुन्हा काठोकाठ भरली.